रशियन आणि अम्हारिक कुठे कुठे बोलतात, याची तुलना कशी करायची

मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. दरवर्षी एक प्रोजेक्ट असतो, कुठल्याही दोन भाषा निवडा आणि त्या कुठे बोलल्या जातात याची तुलना करून दाखवा. यंदा एका मुलीने रशियन आणि अम्हारिक घेतल्या, अम्हारिक म्हणजे इथिओपियातली, तिथले लोक तिला अमारिन्या म्हणतात. दोन दिवसांत फाईल आली. आत एक टेबल, रशियन ४ देश, अम्हारिक १ देश, आणि खाली निष्कर्ष की रशियन जास्त पसरलेली आहे. आकडे चुकीचे नव्हते हो, पण ते वाचून दोन्ही भाषांबद्दल काहीही कळत नव्हतं. मग आम्ही दोघींनी बसून सगळं पहिल्यापासून केलं, तीन शनिवार गेले त्यात, आणि जी पद्धत हाताला लागली ती इथे लिहून ठेवतेय. कुठल्याही दोन भाषांना चालेल, पण मी हीच जोडी घेऊन सांगते कारण ती फारच छान निघाली.

सामान फार लागत नाही. जगाचा एक कोरा नकाशा, पूर्व आफ्रिकेचा आणि जुन्या सोव्हिएत युनियनचा एकेक मोठा नकाशा ज्यात देशाच्या आतल्या प्रांतांच्या सीमा दिसतात (हे महत्त्वाचं, नुसते देश दाखवणारा नकाशा आणू नका), ट्रेसिंग पेपर, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक लाल पेन. कॉम्प्युटरवर लेअर टाकून करता येत असेल तर उत्तमच, पण मुलांना ट्रेसिंग पेपरवर जास्त कळतं असा माझा अनुभव.

आधी मराठीवर हात बसवा

परक्या भाषेला हात घालण्याआधी स्वतःला विचारा, मराठी कुठे बोलतात? पटकन उत्तर येतं महाराष्ट्रात. बरं, मग गोवा? गोव्याच्या १९८७ च्या कायद्यात राजभाषा कोकणी आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येईल अशी तरतूद आहे, आणि तिथला माणूस घरी कोकणी बोलतो पण सकाळी मराठी पेपर वाचतो, असं सर्रास दिसतं. बेळगावात कायदा कन्नडचा, पण कितीतरी घरांत आणि दुकानांत मराठी. आणि मुंबईत भाजी विकणारा उत्तर प्रदेशातला माणूस घरी भोजपुरी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी. म्हणजे "कुठे बोलतात" हा एक प्रश्न नाहीच, ते तीन प्रश्न आहेत. कायद्यात कुठे, घरात कुठे, बाजारात कुठे. तीन प्रश्नांना तीन ट्रेसिंग पेपर, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावर लिहायचं नाही, एवढा एक नियम पाळा.

कायद्याचा कागद

हा सगळ्यात सोपा वाटतो आणि इथेच मुलं घाई करतात. रशियनसाठी चार देश येतात, रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान. पण चारही ठिकाणी एकच रंग फासू नका, शब्द बघा. बेलारूसमध्ये १९९५ च्या सार्वमतानंतर रशियन आणि बेलारूसी दोघी सारख्या दर्जाच्या झाल्या. कझाकस्तानात राज्यभाषा कझाक, पण सरकारी कार्यालयांत रशियन तिच्या बरोबरीने वापरली जाते असं संविधानातच आहे. किर्गिझस्तानात किर्गिझ ही राज्यभाषा आणि रशियन ही अधिकृत भाषा, म्हणजे दोन वेगळे शब्द आणि दोन वेगळ्या पायऱ्या. ताजिकिस्तानच्या संविधानात रशियनचं नाव येतं ते वेगवेगळ्या समाजांनी एकमेकांशी बोलायची भाषा म्हणून. मोल्दोव्हा देशाची अधिकृत भाषा ती नाही, पण त्याच देशातल्या गागाउझिया नावाच्या स्वायत्त भागात आहे. यासाठी फिका, मध्यम, गडद अशा तीन छटा ठेवा.

आता अम्हारिक. इथिओपियाचं १९९५ चं संविधान काढा आणि पाचवं कलम वाचा, अगदी छोटं आहे. देशातल्या सगळ्या भाषांना सरकारची सारखी मान्यता, केंद्र सरकारच्या कामाची भाषा अम्हारिक, आणि प्रत्येक प्रांताने आपली कामकाजाची भाषा आपण ठरवायची. राष्ट्रभाषा वगैरे शब्द त्यात नाही. आपल्या भाषावार प्रांतरचनेची आठवण येईल, आणि ते बरोबरच आहे, तिथले प्रांतसुद्धा मोठ्या प्रमाणात समाज आणि भाषा बघून पाडलेत. ओरोमियाने ओरोमो घेतली, तिग्रायने तिग्रिन्या, सोमाली प्रांताने सोमाली. अम्हारा प्रांताने अम्हारिक घेतली हे उघड आहे, पण पश्चिमेला सुदान आणि दक्षिण सुदानच्या सीमेकडच्या बेनिशांगुल-गुमुझ आणि गाम्बेला या प्रांतांनीही अम्हारिकच घेतली, कारण तिथे बेर्टा, गुमुझ, नुएर, अन्युआक असे बरेच समाज आहेत आणि सगळ्यांना मधली म्हणून तीच सोयीची पडते. अदिस अबाबा आणि दिरे दावा या दोन शहरांतही अम्हारिक. २०२० साली मंत्रिमंडळाने ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार या चार भाषांनाही केंद्राच्या कामाच्या भाषा करायचं धोरण मंजूर केलं, तेही कोपऱ्यात लिहा.

कागद भरून झाला की बघा काय दिसतं. ज्या एका देशाला आपण एकच रंग देणार होतो तो ठिगळांचा झालाय, उत्तरेत अम्हाराचा मोठा पट्टा, पश्चिमेला दोन तुकडे, आणि मधोमध पसरलेल्या रंग नसलेल्या ओरोमियाच्या पोटात अदिस अबाबाचा एक गडद ठिपका. या शहराला ओरोमो लोक फिनफिने म्हणतात आणि ते ओरोमियाचंही प्रशासकीय केंद्र आहे, त्यामुळे दोन्ही नावं लिहा, एक लिहिलं की कोणीतरी दुखावतं आणि माहितीही अर्धी राहते.

मग हाच न्याय रशियाला लावा. रशियाच्या आत तातारस्तान, चेचन्या, साखा अशी गणराज्यं आहेत, त्यांना रशियनच्या जोडीला स्वतःची राज्यभाषा आहे. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि शाळेत या भाषा शिकणं ऐच्छिक झालं. नकाशात कालिनिनग्राडपासून व्लादिवोस्तोकपर्यंत अकरा टाइम झोनवर सपाट एक रंग मारला तर हे सगळे लोक पुसले जातात, मला ते बघवत नाही.

घराचा कागद

इथे जनगणना लागते, आणि जनगणनेत सगळ्यात आधी बघायचं ते प्रश्न काय विचारला होता. बेलारूसचं उदाहरण मी दरवर्षी देते. २००९ च्या जनगणनेत सुमारे ५३ टक्के लोकांनी मातृभाषा बेलारूसी सांगितली, आणि त्याच जनगणनेत घरी काय बोलता असं विचारल्यावर सुमारे ७० टक्के लोकांनी रशियन सांगितलं. माणसं तीच, फॉर्म तोच, दोन प्रश्नांची दोन उत्तरं. मातृभाषा म्हटलं की माणूस आजी आठवतो, देश आठवतो, आणि घरी काय बोलता म्हटलं की काल रात्रीचं जेवण आठवतो. त्यामुळे एका देशाचा मातृभाषेचा आकडा आणि दुसऱ्याचा घरच्या भाषेचा आकडा एका टेबलात शेजारी ठेवू नका.

दुसरं बघायचं ते साल. युक्रेनची स्वातंत्र्यानंतरची जनगणना एकदाच झाली, २००१ मध्ये, त्यात २९.६ टक्के लोकांची मातृभाषा रशियन होती. त्यानंतर २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतलं, २०२२ मध्ये मोठं युद्ध सुरू केलं, लाखो माणसं घर सोडून गेली आणि कितीतरी जणांनी ठरवून रशियन बोलणं सोडलं, आधी आयुष्यभर रशियन बोललेल्यांनीसुद्धा. आकडा लिहा पण शेजारी साल ठसठशीत लिहा, आणि आजचा म्हणून तो वापरू नका.

इथिओपियातही शेवटची जनगणना २००७ ची. लोकसंख्या ७ कोटी ३८ लाखांच्या आसपास, त्यात मातृभाषा ओरोमो सांगणारे सुमारे २ कोटी ४९ लाख आणि अम्हारिक सांगणारे सुमारे २ कोटी १६ लाख. आज देशाची लोकसंख्या १२ कोटींच्या वर गेली आहे, म्हणजे हे आकडे जुने झालेत, पण यातलं एक वळण लक्षात ठेवा, घराच्या कागदावर अम्हारिक तिच्याच देशात दुसऱ्या नंबरवर आहे. इथे एक खड्डा आहे त्यात आम्ही पडलो होतो. त्या मुलीला एका ठिकाणी हीच जनगणना १९९९ ची म्हणून सापडली, दुसरीकडे २००७ ची, आणि तिने दोन वेगळ्या जनगणना समजून "आठ वर्षांत वाढ शून्य" असं लिहिलं. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्या वापरातल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, तेरा महिन्यांचं असतं आणि वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे तिथल्या कागदपत्रात साल दिसलं की आधी कुठलं कॅलेंडर ते बघा. शके आणि इसवी सन दोन्ही वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड नाही.

घराच्या कागदावर रशियनचे ठिपके देशांच्या सीमा ओलांडतात. एस्टोनियातलं नार्वा हे रशियाच्या सीमेवरचं शहर घ्या, तिथे दहातले नऊपेक्षा जास्त लोक रशियन बोलणारे, आणि एस्टोनियाच्या कायद्यात फक्त एस्टोनियन. लाटव्हियात रशियन बोलणारे खूप, पण २०१२ मध्ये रशियनला दुसरी राज्यभाषा करायची का यावर मत घेतलं तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी नको म्हटलं. बेळगाव माहीत असलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बाजाराचा कागद

हा सगळ्यात किचकट आणि माझा सगळ्यात आवडता. दोन अनोळखी माणसं भेटली, दोघांची घरची भाषा वेगळी, तर ती कुठल्या भाषेत बोलतील? कझाकस्तानात २००९ च्या जनगणनेत वंशाने रशियन असलेले साधारण चौथा हिस्सा होते, आणि बोललेलं रशियन समजतं असं सांगणारे ९४ टक्के. घराचा आणि बाजाराचा कागद वेगळा का ठेवायचा ते या दोन आकड्यांत दिसतं. उझबेकिस्तानात रशियन अधिकृत भाषा नाही तरी ताश्कंदमध्ये ती ऐकू येते, आणि तिथून कामाला मॉस्कोला जाणारी लाखो माणसं ती शिकूनच जातात.

इथिओपियात हेच काम अम्हारिक करते. देशात ८० च्या वर भाषा, आणि ओरोमो ड्रायव्हर, गुरागे दुकानदार आणि तिग्राय गिऱ्हाईक एकत्र आले की बहुतेक वेळा सौदा अम्हारिकमध्ये होतो, शहरात तर नक्कीच. मातृभाषा असलेले आणि नंतर शिकलेले असे सगळे मिळून आज अम्हारिक बोलणारे साडेपाच-सहा कोटी धरतात. रशियनचे तसे सगळे मिळून २५ कोटींच्या आसपास, त्यातले १५ कोटी जन्माने. दोन्हीकडे नंतर शिकलेल्यांचा वाटा मोठा आहे, दोन्ही भाषा स्वतःच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या तोंडी गेल्या आहेत. "४ विरुद्ध १" वाल्या टेबलात हे साम्य दिसणारच नव्हतं.

गोव्यातल्या मोरजीला रशियन पाट्या आणि रशियन मेन्यू दिसतात, ते टाकायचं का, असं हमखास विचारतात. टाका की, पण बाजाराच्या कागदावर आणि तुटक रेषेने, कारण तो मुक्काम मुख्यतः हिवाळ्यातला. आपल्याकडची मुलं एमबीबीएससाठी रशिया, किर्गिझस्तानला जातात, शिकवणं इंग्रजीत असतं पण हॉस्पिटलमध्ये पेशंटशी बोलायला रशियन लागतंच, तेही याच कागदावरचं उदाहरण.

आता लाल पेन घ्या, का ते लिहायचंय

तिन्ही कागद एकावर एक ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, हे असं का झालं. इथे वेळ द्या.

अम्हारिक तेराव्या शतकापासून, १२७० मध्ये येकुनो अमलाक सत्तेवर आला तेव्हापासून, राजदरबाराची भाषा आहे. लिहायचं काम मात्र गीझमध्ये चालायचं, आपल्याकडे संस्कृतमध्ये चालायचं तसं, आणि गीझ आजही चर्चमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात सम्राट तेवोद्रोसच्या काळात अम्हारिक लिखाणात पुढे आली, मग मेनेलिकने दक्षिणेकडे राज्य वाढवलं, १८८६ मध्ये अदिस अबाबा वसलं, आणि सैनिक, कारकून, पाद्री यांच्याबरोबर भाषा खाली उतरली. १९५५ च्या संविधानात सम्राट हायले सेलासीने तिला साम्राज्याची अधिकृत भाषा केलं. शाळा, कोर्ट सगळं तिच्यात, आणि ज्यांच्या भाषा दाबल्या गेल्या त्यांचा राग अजून गेलेला नाही.

रशियनची गोष्ट वेगळी वाटते पण हाडं तीच आहेत. सोळाव्या शतकापासून सायबेरियात, नंतर कॉकेशस, मध्य आशिया. सोव्हिएत काळात १९३८ मध्ये सगळ्या गणराज्यांच्या शाळांत रशियन सक्तीची झाली.

आणि मग १९९१. डिसेंबरमध्ये सोव्हिएत युनियन मोडलं, एकाचे पंधरा देश झाले. १९९० मध्ये कोणी हेच टेबल केलं असतं तर रशियनपुढे देशांचा आकडा १ आला असता! कझाकस्तानातल्या कोणाचं घर हललं नाही, कोणी एक नवा शब्द शिकलं नाही, नुसती सीमा पडली आणि आकडा वाढला. त्याच १९९१ च्या मे महिन्यात इथिओपियात देर्ग ही लष्करी राजवट पडली. एरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला, तिथे १९६२ नंतर अम्हारिक लादली होती, ती स्वातंत्र्यानंतर गेली आणि तिग्रिन्या, अरबी, इंग्रजी कामाला आल्या. अम्हारिक समजणारी जुनी पिढी मात्र तिथे आहे. म्हणून मी मुलांना सांगते, देश मोजले की राज्यं कशी मोडली ते कळतं, भाषा किती पसरली ते त्यातून कळत नाही. १९९१ हे साल दोन्ही नकाशांवर लाल पेनाने लिहा.

दोघी भेटतात ती जागा शोधा

कुठल्याही दोन भाषा घेतल्या तरी हे करून बघाच. या दोघी भेटतात इस्रायलमध्ये. जुन्या सोव्हिएत युनियनमधून १९९० च्या दशकात साधारण दहा लाख लोक तिथे गेले. आणि इथिओपियातले ज्यू, ज्यांना बेटा इस्रायल म्हणतात, ते १९८० च्या दशकापासून जायला लागले, त्यातले चौदा हजारांहून जास्त लोक तर २४ आणि २५ मे १९९१ या दोन दिवसांत विमानांनी नेले. पुन्हा १९९१! तिथल्या सरकारी रेडिओवर रशियन आणि अम्हारिक दोन्ही कार्यक्रम लागतात. आणि याच देशात आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायल आहेत, मराठी बोलणारे, त्यामुळे आमच्या नकाशावर इस्रायलमध्ये तीन रंगांचे ठिपके आले, तिसरा त्या मुलीने स्वतःहून टाकला, मला खूप बरं वाटलं.

बाकीचे ठिपके पटकन सांगते. अम्हारिकचा परदेशातला सगळ्यात ठळक ठिपका वॉशिंग्टन आणि आजूबाजूच्या गावांचा, तिथलं शहर सरकार अम्हारिकमध्ये कागदपत्रं काढतं. रशियनचे जर्मनीत खूप, न्यूयॉर्कला ब्रायटन बीच. इथिओपियातही थोडी रशियन आहे, देर्गच्या काळात हजारो मुलं सोव्हिएत युनियनमध्ये शिकायला गेली होती, त्या वयाचे डॉक्टर-इंजिनिअर ती बोलतात.

लिपीवरून भाषा ओळखू नका

मंगोलिया, बल्गेरिया, सर्बियात सिरिलिक, म्हणजे रशियन जिच्यात लिहितात ती लिपी दिसते म्हणून तिथे रशियन नाही. तसंच गीझ लिपी दिसली म्हणून अम्हारिक नाही, तिग्रिन्याचीही तीच लिपी, आणि ओरोमो तर १९९१ पासून रोमन लिपीत लिहितात. एक गोष्ट मात्र मुद्दाम बघा, अम्हारिकची अक्षरं म्हणजे फिदेल. ३३ मूळ अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं, हु, ही, हे, हो अशी, स्वर बदलला की अक्षराला छोटा फाटा फुटतो. आपली बाराखडी तशी त्यांची साताखडी! रशियनचीही अक्षरं ३३ च, पण तिथे स्वर वेगळे उभे राहतात. मराठी मुलाला फिदेल दाखवली की दहा मिनिटांत तो तिचा हिशोब पकडतो, हे मी वर्गात करून बघितलंय.

शब्दांवरून उडी मारू नका, हेही सांगते. अम्हारिक आणि तिग्रिन्या बोलणारे लोक स्वतःला हबेशा म्हणतात, आपल्या बखरींतला हबशी हा शब्द त्याच मुळाचा. पण म्हणून मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी अम्हारिक बोलायचे असं लिहिलंत तर चुकेल, त्या किनाऱ्यावरून भारतात आलेले लोक अनेक समाजांचे होते. दुवा हवाच असेल तर अफानासी निकितिनचा घ्या, पंधराव्या शतकातला त्वेर गावचा रशियन व्यापारी, चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, परत जाताना दाभोळहून जहाजात बसला आणि जहाज भरकटून इथिओपियाच्या किनाऱ्याला लागलं असं त्याने रशियनमध्ये लिहून ठेवलंय. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, जवळ असाल तर जाऊन या.

शेवटी नकाशा पक्का करताना तीन कागद चिकटवून एक करू नका, वरच्या कडेला टेप लावून उलटता येतील असे ठेवा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडे कुठल्या सालचे ते लिहा, आणि इथिओपियाच्या आकड्यापुढे दोन्ही सालं, २००७ आणि कंसात १९९९.